काचबिंदूच्या प्रयोगांना परवानगी देताना डोळ्याच्या जाळीविषयी विचारा : प्राणी नीतिमत्ता समित्यांच्या सदस्यांना खुले पत्र

प्रति,
संस्थात्मक प्राणी नीतिमत्ता समित्यांचे सर्व सन्माननीय सदस्य, आणि विशेषतः त्यांतील पशुवैद्यक व विज्ञानक्षेत्राबाहेरून नेमलेले सामाजिक सदस्य, यांस

स. न. वि. वि.

मी एका पशुवैद्यक महाविद्यालयाच्या विकृतिशास्त्र विभागात तंत्रज्ञ म्हणून २८ वर्षे नोकरी केली. मृत प्राण्यांच्या अवयवांचे तुकडे फॉर्मॅलिनमधून काढायचे, मेणात बसवायचे, मायक्रोटोमवर त्यांचे पाच मायक्रॉन जाडीचे काप घ्यायचे आणि ते रंगवून काचपट्टीवर चढवायचे, हे माझे काम. आसपासच्या फार्मसी महाविद्यालयांतून आणि संशोधन केंद्रांतूनही आमच्याकडे नमुने येत आणि त्यांत डोळे असत. बहुतेक सशांचे, काही उंदरांचे, क्वचित कुत्र्याचे. सहा वर्षांपूर्वी मला स्वतःला काचबिंदूचे निदान झाले. तेव्हापासून रोज रात्री साडेनऊला मी दोन्ही डोळ्यांत लॅटॅनोप्रॉस्टचा एकेक थेंब टाकते. त्या थेंबामागे किती ससे, किती मांजरे आणि किती माकडे आहेत याची मला पुरती जाणीव आहे, आणि म्हणूनच प्राण्यांवरचे सगळे प्रयोग बंद करा अशी मागणी करायला मी हे पत्र लिहिलेले नाही.

माझे म्हणणे एकाच गोष्टीबद्दल आहे. डोळ्यातील दाब कृत्रिमरीत्या वाढवून प्राण्यात काचबिंदू निर्माण करण्याचा प्रस्ताव आपल्यापुढे येतो, तेव्हा प्राणी किती, औषध कोणते, भूल कोणती, शेवट कसा करणार हे सारे आपण विचारता. पण ज्या ऊतीतून डोळ्यातले पाणी बाहेर पडते, जी ऊती बिघडवूनच हा दाब वाढवलेला असतो, तिच्याविषयी जवळजवळ कोणीच विचारत नाही. ती ऊती त्या प्राण्यात माणसासारखी आहे का, प्रयोगात तिचे नेमके काय होणार आहे आणि प्रयोग संपल्यावर ती कोण पाहणार आहे, हे प्रश्न परवानगीच्या आधी विचारले जावेत, एवढीच माझी विनंती आहे.

विज्ञानाबाहेरून आलेल्या सदस्यांसाठी ही ऊती काय आहे ते थोडे सविस्तर सांगते. डोळ्याच्या पुढच्या भागात, बाहेरून दिसणारा पारदर्शक कॉर्निया आणि आतले भिंग यांच्यामधल्या जागेत, एक पाण्यासारखा द्रव सतत वाहत असतो. अश्रूंशी त्याचा संबंध नाही. सिलिअरी बॉडी नावाचा भाग माणसाच्या डोळ्यात तो मिनिटाला साधारण अडीच मायक्रोलिटर या वेगाने तयार करतो. तो बाहुलीतून पुढे येतो, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसलेल्या भिंगाला आणि कॉर्नियाला पोसतो, आणि कॉर्निया व आयरिस (बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा) जिथे एकमेकांना मिळतात त्या कोपऱ्यातून बाहेर पडतो. या कोपऱ्यात एक जाळी असते, तिला ट्रॅबेक्युलर मेशवर्क म्हणतात. आतल्या अंगाला तिचे धागे सैल असतात, बाहेरच्या अंगाला ते दाट होत जातात, आणि सर्वांत बाहेरचा पातळ थर श्लेम नलिकेला टेकलेला असतो. तिथून पाणी बारीक वाहिन्यांवाटे डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील शिरांत जाऊन रक्ताला मिळते.

जाळी म्हटले की चहाची गाळणी आठवते, पण ही जाळी जिवंत आहे. तिच्या पेशी पाण्यातून आलेला कचरा गिळतात, आकुंचन-प्रसरण पावतात आणि आपल्याभोवतीचे धागे नव्याने विणत राहतात. बोस्टनच्या मॉर्टन ग्रँट यांनी १९६३मध्ये मृत माणसांच्या काढलेल्या डोळ्यांतून द्रव सोडून मोजमाप केले, तेव्हा ही जाळी कापून काढल्यावर निचऱ्याला होणाऱ्या एकूण अडथळ्यापैकी सुमारे तीन-चतुर्थांश अडथळा नाहीसा होतो असे दिसले. कोपरा उघडा असूनही ज्या काचबिंदूत दाब चढतो, त्यात मूळ बिघाड याच ठिकाणी असतो. डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस नंतर सुकते आणि नजर त्याहून उशिरा जाते. आधी बिघडते ती ही जाळी.

प्राण्यात काचबिंदू निर्माण करण्याच्या जवळजवळ सर्व रीती याच जाळीवर किंवा तिच्या पुढच्या वाटेवर घाव घालतात. त्यांतली एक तर रुग्णांना झालेल्या अपायातूनच उमगली. १९५८च्या सुमारास बार्सिलोनाच्या होआकीन बाराकेर यांनी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत भिंगाला धरून ठेवणारे धागे विरघळवण्यासाठी अल्फा-कायमोट्रिप्सिन हे विकर वापरायला सुरुवात केली. शस्त्रक्रिया सोपी झाली, पण काही रुग्णांचा दाब नंतर चढू लागला. पुढे हेच विकर माकडांच्या आणि सशांच्या डोळ्यांत मुद्दाम घालून काचबिंदू तयार करण्यात आला, आणि १९७१मध्ये डग्लस अँडरसन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा विरघळलेल्या धाग्यांचे तुकडे जाळीच्या भोकांत अडकलेले आढळले. दाब का चढला, याचे उत्तर जाळी पाहिल्यावर मिळाले. दाबाच्या आकड्यांवरून ते कधीच मिळाले नसते.

दुसरी रीत लेझरची. १९७४मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेतील डग्लस गास्टरलँड आणि कार्ल कुफर यांनी ऱ्हीसस माकडांच्या जाळीवर सगळीकडून आर्गॉन लेझरचे डाग देऊन ती भाजली, आणि जाळीवर व्रण धरून दाब चढला. दाब किती वाढला की नसेवर काय परिणाम होतो, याचे पुष्कळसे ज्ञान आपल्याला या माकडांपासून मिळाले. त्या काळी अमेरिकेतील प्रयोगशाळांना ऱ्हीसस माकडे मुख्यतः आपल्याच देशातून जात. ही निर्यात भारताने १९७८मध्ये बंद केली. या हकिगतीचा पुढचा भाग मला नेहमी थक्क करतो. १९७९मध्ये वाइज आणि विटर यांनी त्याच आर्गॉन लेझरचे, पण मोजकेच आणि सौम्य डाग माणसांच्या जाळीवर दिले, तर दाब उतरला, आणि आज जगभर रुग्णांवर केला जाणारा लेझर उपचार त्यातून उभा राहिला. जाळी तीच, प्रकाशाचा प्रकारही तोच. मात्रा बदलली आणि परिणाम उलटा झाला. अशा ऊतीविषयी, तिचे काय झाले हे न पाहता, निष्कर्ष काढता येतील असे मला वाटत नाही.

उंदरांसाठी आणखी दोन रीती रूढ आहेत. पहिलीत डोळ्यावरील बारीक शिरेतून उलट्या दिशेने तीव्र मिठाचे पाणी आत ढकलून जाळीवर व्रण पाडतात. ही रीत ओरेगनच्या जॉन मॉरिसन यांनी १९९७मध्ये मांडली. दुसरीत डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात बारीक मणी सोडतात आणि ते जाळीत जाऊन अडकतात. काही ठिकाणी लोहचुंबकी मणी वापरून चुंबकाने ते हव्या त्या कोपऱ्यात ओढतात. दृष्टिपटलावरील पेशी वाढलेल्या दाबाने कशा मरतात, त्या कशा वाचवता येतील, हे अभ्यासायचे असेल तर या रीती योग्य आहेत. पण जाळीच्या पेशी शिथिल करून निचरा वाढवणारे औषध तपासायचे असेल, तर ज्या डोळ्यात जाळीच व्रणांनी बुजवली आहे किंवा मण्यांनी तुंबवली आहे, त्या डोळ्यात ते औषध काम करील कशावर? २०१७मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या नेटार्सुडिलसारखी औषधे अशाच प्रकारे जाळीवर काम करतात. अशा औषधाचा प्रस्ताव आणि मण्यांची रीत एकाच अर्जात दिसली, तर तिथेच थांबून खुलासा मागायला हवा. माझ्या नोकरीच्या काळात आमच्याकडे आलेल्या एकाही नमुन्यासोबतच्या कागदांत असा खुलासा विचारल्याची खूण मला दिसली नाही.

शेवटची रीत स्टिरॉइडची, आणि ती आपल्या देशाला सर्वांत जवळची आहे. स्टिरॉइडचे थेंब किंवा इंजेक्शन दीर्घकाळ दिल्यास काही माणसांच्या जाळीत धागे आणि चिकट द्रव्ये साचतात, पेशींचा आतला सांगाडा ताठर होतो आणि दाब चढतो. उन्हाळ्यात डोळे खाजतात म्हणून दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेले स्टिरॉइडचे थेंब महिनोन्महिने घालून नजर गमावलेली मुले आपल्याकडील नेत्रतज्ज्ञांना नेहमी भेटतात. त्यामुळे स्टिरॉइडने जाळी कशी बिघडते याचा अभ्यास आपल्याकडे व्हायलाच हवा, आणि त्यासाठी प्राणी लागला तर तो वापरण्याला माझी हरकत नाही. माझी तक्रार आहे ती असे प्राणी वापरून जाळी न पाहण्याबद्दल.

एक प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी एका पदव्युत्तर विद्यार्थ्याकडून सशांचे बारा डोळे आले. लोणच्याच्या दोन बरण्या, त्यांत दहा टक्के फॉर्मॅलिन, प्रत्येक डोळ्याला दोऱ्याने बांधलेली पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी. सशांना स्टिरॉइडची इंजेक्शने देऊन दाब वाढवला होता आणि मग एका नव्या जेलमधून टिमोलोल देऊन तो उतरतो का हे पाहिले होते. सोबतच्या कागदावर फक्त ‘दृष्टिपटल पाहावे’ असे लिहिलेले होते. मी फोन करून विचारले की पुढच्या कोपऱ्याचे काप घ्यायचे का. उत्तर आले, ‘तो भाग टाकून द्या मॅडम, प्रबंधात त्याचे प्रकरण नाही.’

सशाचा डोळा कापणे तसे जिकिरीचे काम आहे. त्याचे भिंग मोठे असते आणि फॉर्मॅलिनमध्ये ते गारगोटीसारखे कडक होते. सुरीखाली आले की त्याचा चुरा होऊन आजूबाजूचा नाजूक भाग फाटतो. म्हणून आधी बाजूने खिडकी पाडून भिंग काढून घ्यावे लागते, आणि त्या वेळी हात जरा इकडे-तिकडे झाला तर कोपराच उखडून येतो. शिवाय काप बरोबर मध्यरेषेतून जावा लागतो; तिरका गेला तर जाळी आहे त्याच्या दुप्पट जाड दिसते आणि पाहणारा फसतो. त्या दिवशी दुपारी हातात काम नव्हते, म्हणून कोणी सांगितलेले नसताना मी त्यातल्या तीन डोळ्यांचे कोपरे नीट बसवले, काप घेतले आणि हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने रंगवले. दोन काचपट्ट्यांवर विशेष काही नव्हते. तिसरीवर मात्र तो सगळा कोपरा पेशींनी गच्च भरलेला होता. दुहेरी-तिहेरी लोब असलेली केंद्रके आणि आत लालसर कण, म्हणजे सशाच्या रक्तातल्या, जंतुसंसर्गात धावून येणाऱ्या पेशी. आमच्या विभागातील डॉक्टरांनी पाहून सांगितले की या डोळ्यात पू झाला होता. म्हणजे त्या सशाचा दाब स्टिरॉइडने नव्हे, इंजेक्शनच्या वेळी आत गेलेल्या जंतूंमुळे चढला असण्याची शक्यता जास्त. त्या सशाला वेदना झाल्या असणार हे तर वेगळे सांगायला नको. मी ती काचपट्टी त्या विद्यार्थ्याकडे पाठवली. पण तोवर त्या सशाचे आकडे सरासरीत मिसळून तक्ता छापून झाला होता.

त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला कोणी विचारले नव्हते, म्हणून त्याने पाहिले नव्हते. विचारायचे कोणी, तर आपण.

आता सशांबद्दल. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६०च्या १७व्या कलमात असे तत्त्व घातलेले आहे की, गिनीपिग, ससे, बेडूक, उंदीर अशा लहान प्रयोगशाळीय प्राण्यांवर तोच निष्कर्ष मिळू शकत असेल तर मोठ्या प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत. हे तत्त्व दयाळू आहे आणि ते मोडावे असे मी म्हणत नाही. मोठ्या प्राण्यांचे प्रस्ताव आपल्या पातळीवर सुटत नाहीत, ते केंद्रीय समितीकडे जातात. ससे-उंदरांचे मात्र आपणच मंजूर करता. त्यामुळे ‘ससा’ असे लिहिलेले असले की अर्ज सहज पुढे सरकतो. पण कायद्यातील ‘तोच निष्कर्ष मिळू शकत असेल तर’ या शब्दांकडे आपले लक्ष वेधावेसे वाटते. सशाच्या कोपऱ्यात माणसासारखी एकसंध श्लेम नलिका नसते. तिथे बारीक वाहिन्यांचे एक जाळे असते, आतल्या बाजूला आयरिसपासून कॉर्नियाकडे जाणारे खांबासारखे धागे असतात आणि त्यांच्यामागे एक मोकळी फट असते. कुत्र्या-मांजरांतही साधारण अशीच मांडणी आहे. उंदराच्या डोळ्यात मात्र, तो इवलासा असूनही, जाळी आणि श्लेम नलिका दोन्ही आहेत. म्हणजे श्लेम नलिकेच्या भिंतीविषयी प्रश्न असेल तर ससा हा मोठ्या प्राण्याऐवजी निवडलेला लहान प्राणी ठरत नाही. तो त्या प्रश्नाचे उत्तर देऊच न शकणारा प्राणी ठरतो, आणि त्याचा जीव वाया जातो.

माझ्या रात्रीच्या थेंबाचा इतिहास याच गोष्टीची साक्ष देतो. पाणी जाळीखेरीज आणखी एका वाटेने, सिलिअरी स्नायूच्या तंतूंमधून झिरपत बाहेर जाते, हे स्वीडनच्या आंदर्श बिल यांनी १९६५मध्ये माकडांत दाखवले. सशात या वाटेने अगदी थोडे पाणी जाते, माकडात बरेच. प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्ये डोळ्यात दाह आणि दाब दोन्ही वाढवतात, अशी समजूत सशांवरच्या जुन्या प्रयोगांतून दृढ झाली होती, आणि त्यामुळे ती औषध म्हणून वापरावीत हा विचारच वेडगळ वाटत असे. कोलंबिया विद्यापीठात लाझलो बिटो यांच्याबरोबर काम करणाऱ्या कार्ल कॅमरस यांनी १९७७मध्ये दाखवले की मात्रा पुरेशी कमी ठेवली तर सशातही दाब उतरतो. पुढे माकडांत तो अधिक स्पष्ट उतरला, आणि १९९६मध्ये याच द्रव्यांच्या जातीच्या, मुख्यतः या दुसऱ्या वाटेने निचरा वाढवणाऱ्या लॅटॅनोप्रॉस्टला अमेरिकेत मान्यता मिळाली. कोणत्या प्राण्यात पाण्याची कोणती वाट किती रुंद आहे, हे माहीत नसते तर हे औषध सशाच्या लालभडक डोळ्यापाशीच अडून राहिले असते आणि आज माझी नजर कदाचित इतकी टिकली नसती.

याच्या उलट चित्र मी वर्षानुवर्षे पाहिले. टिमोलोल हे १९७८पासून वापरात असलेले औषध आहे. ते पाणी तयार होण्याचे प्रमाण कमी करते आणि निचऱ्याच्या जाळीशी त्याचा जवळजवळ संबंध नाही. दाब उतरवण्यात ते गुणकारी आहे, यात आता सिद्ध करण्यासारखे काही उरलेले नाही. तरी त्याचे नवे जेल, नवी फिल्म, नवे नॅनोकण तयार झाले की सशांना नळीने भरपूर पाणी पाजून किंवा शिरेतून द्रव देऊन दाब चढवायचा आणि थेंब टाकून तो उतरवायचा, अशी प्रबंधांची एक ठरलेली वाट पडलेली आहे. औषध कॉर्नियातून किती आत जाते हे पाहायचे असेल, तर ते कत्तलखान्यातून आणलेल्या बकऱ्याच्या ताज्या डोळ्यांवर पाहता येते आणि आपल्याकडील अनेक प्रयोगशाळा ते करतातही. त्यानंतरही जिवंत ससा कशासाठी लागतो, हे अर्जदाराने एका परिच्छेदात लिहून द्यावे, एवढे तरी आपण मागू शकता.

जाळीच्या अभ्यासासाठीसुद्धा प्राण्याशिवायचे मार्ग आहेत, आणि ते कामचलाऊ नाहीत. १९८७मध्ये मेयो क्लिनिकच्या डग्लस जॉन्सन यांनी मृत माणसाच्या डोळ्याचा पुढचा भाग बशीत बसवून, त्यातून ठरलेल्या वेगाने द्रव सोडून, जाळी जिवंत ठेवण्याची पद्धत मांडली. पुढे अशाच बशीतल्या मानवी डोळ्यांत स्टिरॉइड घालून दाब चढतो आणि जाळीत बदल होतात हे दिसून आले. मदुराईच्या अरविंद संस्थेतील संशोधकांनी ही पद्धत आपल्या देशातही उभी केली आहे. दुसरा मार्ग त्याहून सोपा आहे. नेत्रदानातून मिळालेल्या कॉर्नियाचा मधला गोल भाग रोपणासाठी कापून घेतल्यावर जी कड उरते, तिच्यात ही जाळी शाबूत असते. त्या कडेतून जाळीच्या पेशी वाढवता येतात. काचबिंदूशी निगडित मायोसिलिन हे जनुकही अशाच पेशींना स्टिरॉइड देऊन केलेल्या कामातून हाती लागले आणि १९९७मध्ये त्यातील दोषांचा काचबिंदूशी असलेला संबंध सिद्ध झाला. त्यानंतर तो मानवी दोष घातलेले उंदीर तयार झाले. माझ्या मते हा क्रम योग्य आहे: आधी माणसाची ऊती, तिच्यातून पक्का प्रश्न, आणि मग त्या प्रश्नाला साजेसा प्राणी. २०२३मध्ये आपल्या नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन पेशी आणि ऊतींवर आधारित पर्यायी चाचण्यांना जागा मिळाली आहे, तेव्हा ‘नियम प्राणीच मागतात’ हे उत्तरही आता पुरेसे ठरू नये.

पशुवैद्यकीय दवाखान्यांतून एक स्रोत आपल्या अगदी दारात आहे आणि तो रोज वैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जातो. कुत्र्यांना काचबिंदू आपणहून होतो. कॉकर स्पॅनियलसारख्या काही जातींत तो वरचेवर दिसतो, आणि फ्लोरिडात वाढवलेल्या बीगल कुत्र्यांच्या एका वंशातील आनुवंशिक काचबिंदूचे जनुक २०११मध्ये सापडले. आपल्याकडे अशा कुत्र्याला बहुधा नजर गेल्यावर, दुखणे असह्य झाल्यावरच आणतात आणि डोळा काढावा लागतो. तो डोळा मालकाच्या लेखी संमतीने, काढल्याबरोबर, फिक्सेटिव्हमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रावणात) टाकला तर जाळीचा खरा, कोणी मुद्दाम न केलेला आजार अभ्यासता येईल. आमच्याकडे असे डोळे आले ते वर्षाला दोन-चार, आणि तेही बहुतेक फ्रीजमध्ये राहून खराब झालेले.

वेदनेबद्दलही थोडे लिहिले पाहिजे. दाब एकदम चढला की माणूस कपाळ धरून ओकाऱ्या काढतो. ज्यांना हे झाले आहे ते सांगतील. ससा आवाज करत नाही. तो पिंजऱ्याच्या कोपऱ्यात डोळा अर्धवट मिटून बसतो, खाणे कमी करतो, आणि नोंदवहीत ‘सामान्य’ असे लिहिले जाते. म्हणून दाबाची वरची मर्यादा, ती ओलांडल्यावर काय करणार आणि वेदनाशामक कोणते देणार, हे अर्जातच असावे. आणि एकाच प्राण्याच्या दोन्ही डोळ्यांवर असा प्रयोग करून त्याला पूर्ण आंधळे करू नये. दाब मोजण्याची रीतही विचारावी. भूल दिली की दाब उतरतो, आणि उंदराचा दाब तो रात्री जागा असताना दिवसापेक्षा जास्त असतो. सकाळी अकराला भूल देऊन घेतलेला आकडा आणि रात्री जागेपणी घेतलेला आकडा शेजारी-शेजारी ठेवून औषधाचा गुण काढला, तर त्या प्राण्यांचे आंधळे होणे निष्फळ ठरते.

२०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार भारतात चाळिशीपुढील सुमारे १.१२ कोटी लोकांना काचबिंदू आहे, आणि त्यांतील बहुतेकांना तो असल्याचे ठाऊकही नाही. त्यांच्यासाठी चांगली औषधे हवीत, जाळी दुरुस्त करणारी हवीत, आणि ती शोधणाऱ्या मुलामुलींचे हात आपल्या परवानगीवाचून बांधले जाऊ नयेत, असे मला मनापासून वाटते. माझी विनंती मान्य झाली तर फॉर्म बी, म्हणजे प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज, भरताना त्यांना एक पान जास्त लिहावे लागेल. त्या पानावर पुढील गोष्टी असाव्यात: दाब कोणत्या रीतीने वाढवणार आणि त्या रीतीने जाळीचे काय होते, निवडलेल्या प्राण्याचा निचऱ्याचा कोपरा माणसाहून कुठे वेगळा आहे आणि तो फरक या प्रश्नाला बाधक का नाही, तपासायचे औषध जाळीवर, दुसऱ्या वाटेवर की पाणी तयार होण्यावर काम करते, आणि प्रयोगाअंती प्रत्येक डोळ्याचा पुढचा भाग कोणत्या द्रावणात, कोणाकडे जाणार. ज्याला फक्त दृष्टिपटल हवे आहे त्याने पुढचा भाग जाळीचा अभ्यास करणाऱ्याला द्यावा, आणि उलटही करावे, म्हणजे एकाच प्राण्यात दोघांचे काम भागेल. जवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयाच्या विकृतिशास्त्र विभागाशी तसा लेखी करार समितीनेच करून ठेवला, तर विद्यार्थ्याला धावाधाव करावी लागणार नाही.

कोपऱ्याचे काप घेणे अवघड आहे, हे मी वर लिहिलेच आहे, पण ते शिकवता येते. भिंग कसे काढायचे, डोळा मेणात कोणत्या बाजूने बसवायचा, काप मध्यरेषेतून गेला हे कशावरून ओळखायचे, याला चार दिवस पुरतात. आपल्यापैकी ज्या समितीला हवे असेल तिच्या संस्थेत येऊन तिथल्या तंत्रज्ञांना आणि विद्यार्थ्यांना हे शिकवायला मी तयार आहे. त्याचे मानधन मला नको. बकऱ्याचे किंवा डुकराचे पंधरा-वीस ताजे डोळे आणि एक चांगली धार असलेली सुरी एवढे तयार ठेवावे.

कळावे,
आपली नम्र,
विकृतिशास्त्र विभागातील एक निवृत्त तंत्रज्ञ